अप्सरा, आसरा आणि चेटकीण : भयरूपाच्या समीक्षेतील एक प्रश्न

ट्रॉम्बे येथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झालेल्या देशातील पहिल्या अणुभट्टीला ‘अप्सरा’ हे नाव मिळाले. पाण्याच्या कुंडात बसविलेल्या या भट्टीतून उमटणारी निळी प्रभा पाहून जवाहरलाल नेहरूंना अप्सरांचे स्मरण झाले, असे सांगितले जाते. पाण्याशी जोडलेली दिव्य स्त्री ही संस्कृत परंपरेतील कल्पना अशा रीतीने आधुनिक विज्ञानाच्या दारी सन्मानाने आली. परंतु हाच शब्द महाराष्ट्राच्या लोकजीवनात वेगळ्या वाटेने उतरला आहे. विहीर, डोह, ओढा यांच्या काठी शेंदूर लावलेले सात दगड म्हणजे ‘साती आसरा’. खणनारळ देऊन त्यांना प्रसन्न ठेवावे लागते, कारण त्या माणसाला पाण्यात ओढतात, अशी समजूत आहे. अप्सरेची आसरा झाली, यक्षिणीची जखीण झाली, डाकिनीची डाकीण झाली. शब्दांचा हा प्रवास केवळ ध्वनिपरिवर्तनाचा नाही. पूज्य स्त्रीरूप भयप्रद कसे होत जाते, याची नोंद त्यात आहे.

हीच प्रक्रिया युरोपीय कलेतही आढळते. दारिओ अर्जेंटो यांच्या ‘सुस्पिरिया’ (१९७७) या इटालियन चित्रपटाचे शीर्षक टॉमस डी क्विन्सी यांच्या १८४५ मधील गद्यलेखनावरून आलेले आहे. डी क्विन्सींच्या लेखनातील तीन ‘माता’ या दुःखाच्या अधिष्ठात्री आहेत. शोकग्रस्त माणसाच्या अंतःकरणावर त्यांची सत्ता चालते. अर्जेंटो यांच्या ‘सुस्पिरिया’, ‘इन्फर्नो’ (१९८०) आणि ‘मदर ऑफ टीअर्स’ (२००७) या चित्रत्रयीत त्याच माता चेटकिणी होतात. दुःखाची देवता संहाराची स्वामिनी ठरते.

‘सुस्पिरिया’ची वातावरणनिर्मिती असामान्य आहे, हे निर्विवाद. फ्रायबुर्गमधील नृत्यशाळेच्या लाल भिंती, अनैसर्गिक वाटावेत इतके गडद रंग, ‘गॉब्लिन’ या वाद्यवृंदाच्या संगीतात मिसळलेली कुजबुज यांमुळे कथानकाचा दुबळेपणा प्रेक्षकाला जाणवेनासा होतो. भयाचा प्रत्यय येथे घटनेपेक्षा अवकाशातून येतो. मराठी गूढकथेच्या अभ्यासकाला ही रीत परकी वाटणार नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथांतही जुना वाडा वा बंद खोली अनेकदा पात्राइतकीच सजीव होते. म्हणूनच अशा कलाकृतींचे मूल्यमापन बहुधा वातावरणनिर्मितीच्या निकषावर होते आणि तेथेच थांबते. हे थांबणे अपुरे आहे.

‘सुस्पिरिया’तील चेटकिणीपाशी घर आहे, संपत्ती आहे, संस्था आहे, सेवक आहेत. इतिहासातील स्थिती मात्र नेमकी उलट होती. युरोपात पंधराव्या ते अठराव्या शतकांच्या काळात चेटकाच्या आरोपावरून सुमारे ४० ते ५० हजार माणसांना देहान्त शिक्षा झाली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे, आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. महाराष्ट्रात नंदुरबारसारख्या सातपुड्यालगतच्या जिल्ह्यात स्त्रीला ‘डाकीण’ ठरवून मारहाण, बहिष्कार, प्रसंगी हत्या होण्याच्या घटना घडलेल्या आहेत. घरातील आजारपण, अकाली मृत्यू, जमिनीचा वा भाऊबंदकीचा तंटा अशा कारणांतून आरोप उभा राहतो. चित्रपटातील चेटकीण घराची मालकीण असते. पाड्यावरील ‘डाकीण’ घरातून हाकलली जाते. भयाची दिशाच येथे बदलते, कारण भ्यायला हवे ते तिने आणि प्रत्यक्षात भीती दाखविली जाते तिचीच.

मराठी रंगभूमीने चेटकिणीला वेगळी वाट दिली. मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातील चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी गाजवली. २०१८ मधील पुनरुज्जीवनात ती वैभव मांगले यांनी साकारली. पुरुष नटाने रंगविलेली ही चेटकीण मुलांना हसवते, आणि हसण्याने भीती हाताळता येण्याजोगी होते, हे बालनाट्याचे मोठेच कार्य होय. तथापि प्रौढ साहित्याने आणि समीक्षेने या आकृतीकडे गंभीरपणे पाहिले आहे, असे म्हणणे कठीण. ती बालरंगभूमीवर विनोदी राहिली आणि वर्तमानपत्रात गुन्ह्याची बातमी राहिली. या दोन टोकांमधील प्रदेश बव्हंशी रिकामाच आहे.

त्या प्रदेशात पाऊल टाकणारी एक कृती म्हणून विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ (२०१७) या मराठी चित्रपटाचा निर्देश करता येईल. उसाच्या शेतातील एकाकी घर, गर्भवती तरुणी आणि अवतीभवती वावरणारी मुले ही सामग्री भयपटाच्या नेहमीच्या साच्यातलीच आहे. परंतु भयाचे मूळ शोधू जाता ते भुतापाशी न सापडता मुलगी नको असलेल्या कुटुंबापाशी सापडते. वातावरणनिर्मिती येथे आशयाला झाकत नाही. ती आशयाकडे नेते.

यावर असा आक्षेप संभवतो की, कलाकृतीवर समाजसुधारणेचे ओझे लादू नये. आक्षेप रास्त आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखाद्या व्यक्तीवर करणी-जादूटोण्याचा ठपका ठेवून तिचा छळ करणे त्याने दंडनीय ठरविले. कायद्याचे ते काम कथेने करावे, अशी अपेक्षा नाही. ‘सुस्पिरिया’चे रंगवैभव नाकारण्याचेही कारण नाही. अपेक्षा आहे ती समीक्षेकडून. भय किती परिणामकारक आहे, एवढेच विचारून तिने थांबू नये. हे भय कोणाचे, ते कोणाच्या अंगावर चढविले आहे आणि मूळच्या देवतेला वा दुःखी स्त्रीला चेटकीण कोणी केले, हेही तिने विचारावे. भयकथेला ‘रंजक वाङ्मय’ म्हणून अभ्यासक्रमाच्या उंबरठ्याबाहेर ठेवले, तर हे प्रश्न वर्गात कधीच उपस्थित होणार नाहीत. आसरा या शब्दात दडलेली अप्सरा विद्यार्थ्यांना दाखवून देणे हे भाषेच्या अध्यापकाचेच काम आहे, आणि डाकीण या शब्दामागची स्त्री दाखवून देणेही.