विकास शुल्काचा हिशेब

कल्याणहून कर्जतच्या दिशेने निघाले की उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे एकामागून एक लागतात. ती आता एकमेकांना इतकी भिडली आहेत की एक कोठे संपते आणि दुसरे कोठे सुरू होते, हे स्थानकावरील पाटी वाचूनच कळावे. तथापि या तीन शहरांत माणसे आली ती तीन निरनिराळ्या मार्गांनी, आणि तो फरक लक्षात घेतल्याशिवाय तेथील आजच्या नागरी हलाखीचा उलगडा होत नाही.

उल्हासनगरात माणसे सरकारने आणली. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सुमारे एक लाख सिंधी निर्वासितांना आसरा देण्यात आला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. बराकींतील जिणे सुखाचे नव्हते. परंतु पाणी, दवाखाना आणि शाळा यांची जबाबदारी आपली नाही, असे म्हणण्याची सोय सरकारला नव्हती. अंबरनाथात माणसे कारखान्यांनी आणली. ऑर्डनन्स फॅक्टरीने कामगारांना बोलाविले तेव्हा त्यांच्यासाठी वसाहतही बांधली. आगपेट्यांचा 'विमको' कारखाना तर आपले नाव एका नाक्याला देऊन गेला. बदलापुरात मात्र माणसे आणली ती इमारत व्यावसायिकांनी. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या लाखाच्या आत होती. २०११ मध्ये ती १,७४,२२६ झाली. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे पुढचा आकडा सरकारदरबारी नाही. सकाळी सातच्या सुमारास बदलापूरच्या फलाटावर उभे राहणाऱ्याला तो कोणी सांगण्याची गरजही नाही.

सरकारने माणसे आणली तेव्हा सरकार बांधील होते, कारखान्याने आणली तेव्हा कारखाना बांधील होता. इमारत व्यावसायिकाने आणली तेव्हा कोण बांधील आहे? तो घरे विकतो, सोसायटी स्थापन करून देतो आणि पुढच्या भूखंडाकडे वळतो. यात त्याला दोष देण्यासारखे काही नाही, त्याचा तो व्यवसाय आहे. परंतु दोनशे कुटुंबांना पाणी लागते, त्यांच्या मुलांना शाळा लागते, त्यांचे सांडपाणी कोठे तरी वाहून जावे लागते. या नव्या भाराची भरपाई व्यावसायिकाने काही अंशी तरी करावी, हे तत्त्व आपल्या कायद्याला मान्य आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात १९९२ साली 'विकास शुल्का'चे एक नवे प्रकरणच घालण्यात आले. बांधकामाची परवानगी घेतानाच हे शुल्क भरावे लागते. पूर्वी त्याचे दर ठरावीक रुपयांत असत. पुढे ते जमिनीच्या शीघ्रसिद्धगणकातील, म्हणजे रेडी रेकनरच्या, दराशी जोडण्यात आले. निवासी वापरासाठी जमिनीवर अर्धा टक्का आणि बांधकामावर २ टक्के, असा हा हिशेब आहे.

हे शुल्क किती होते, ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. जमिनीचा दर चौरस मीटरला २०,००० रुपये धरला आणि सदनिका ५० चौरस मीटरची धरली, तर बांधकामावरील शुल्क एका सदनिकेमागे २०,००० रुपये होते. दोनशे सदनिकांचे ४० लाख. जमिनीवरचे शुल्क धरले तरी आकडा फारसा बदलत नाही. आता दुसरी बाजू. दोनशे घरांत आठशे माणसे धरली तर दरडोई १३५ लिटर या नेहमीच्या शासकीय प्रमाणानुसार त्यांना रोज १,०८,००० लिटर पाणी लागेल आणि त्यातील सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडेल. प्राथमिक शाळेच्या वयाची शंभर मुले असतील, तर शिक्षण हक्क कायद्याच्या प्रमाणानुसार तीन-चार शिक्षक आणि तितक्याच वर्गखोल्या हव्यात. या ४० लाखांत वर्गखोल्यांखालची जमीन तरी येईल काय? म्हणजे शुल्क घेतले जाते हे खरे असले, तरी ज्यासाठी ते घ्यायचे त्याच्याशी रकमेचा मेळ कोणी घातलेला नाही. दर ठरतो तो जमिनीच्या बाजारभावावरून. नळाला किती पाणी आहे, यावरून नव्हे. जेथे जमीन स्वस्त तेथे शुल्क कमी, आणि नेमक्या अशाच ठिकाणी नळ, गटार आणि रस्ता यांपैकी काहीही आधीपासून नसते. बदलापूरच्या कडेच्या शेतात उभ्या राहणाऱ्या इमारतीची हीच स्थिती आहे.

रकमेपेक्षाही अधिक गंभीर प्रश्न ती जाते कोठे, हा आहे. विकास शुल्काची रक्कम स्वतंत्र विकास निधीत जमा करावी आणि सार्वजनिक सोयींसाठी व आपल्या क्षेत्राच्या सुधारणेसाठी खर्चावी, असे कायदा सांगतो. परंतु 'आपले क्षेत्र' म्हणजे संपूर्ण शहर. ज्या गल्लीत इमारत उभी राहिली त्या गल्लीतच काही करावे, असे बंधन त्यात नाही. कात्रपच्या इमारतीचे शुल्क शहराच्या दुसऱ्या टोकाच्या चौकाच्या सुशोभीकरणावर खर्च झाले, तरी कायद्याचा भंग होत नाही. कर आणि शुल्क यांतील भेद सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या शिरूर मठाच्या खटल्यात स्पष्ट केला होता. कर हा सर्वसाधारण खर्चासाठी असतो, शुल्क हे विशिष्ट सेवेच्या मोबदल्यात असते. पुढील निकालांनी हा भेद सैल केला. मोबदला तंतोतंत असण्याची गरज नाही, असे मानले गेले. न्यायालयीन भाषेत ते योग्य असेल. पण सेवा कोणती हेच सांगता येत नसेल, तर नावापुरते शुल्क आणि व्यवहारात कर, असा प्रकार होतो.

त्यात आणखी एक विचित्र योग आहे. शुल्क घेते नगरपालिका. पाणी देते कोण? अंबरनाथ आणि बदलापूर येथे पाणीपुरवठ्याचे काम वर्षानुवर्षे महाराष्ट्र जीवन प्राधिकरण करीत आले आहे. उल्हासनगरची महापालिका स्वतःचा जलस्रोत नसल्यामुळे औद्योगिक विकास महामंडळाकडून पाणी विकत घेते. हे पाणी ज्या बारवी धरणाचे, त्याची उंची वाढविली गेली तेव्हा मुरबाड तालुक्यातील गावपाडे पाण्याखाली गेले. विकासाचे शुल्क त्यांनीही भरले, फक्त त्याची पावती निघाली नाही. आणि या पट्ट्यावर सर्वांत मोठा भार पडतो तो रेल्वेवर. कल्याण-बदलापूर तिसऱ्या व चौथ्या मार्गिकेला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी २०१९ साली मिळाली. तोवर बदलापूरची लोकसंख्या कोठल्या कोठे गेली होती. नवी इमारत नगरपालिकेला शुल्क देते, परंतु तिच्यातील माणसे सकाळी ज्या डब्यात कोंबली जातात त्या डब्यासाठी त्यातून काही मिळत नाही. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत मेट्रोसाठी विकास शुल्क दुप्पट करण्याची तरतूद शासनाने केली. उपनगरी रेल्वेच्या टोकाला राहणाऱ्यांचा विचार त्या वेळी कोणाच्या मनात आला नसावा.

व्यावसायिकाकडून काहीच घेतले नाही तर काय होते, याचे उत्तर शोधण्यासाठी लांब जावे लागत नाही. उल्हासनगर पुढेच आहे. जेमतेम १३ चौरस किलोमीटरांच्या या शहरात २०११ साली ५,०६,०९८ माणसे राहत होती. बराकींच्या जागी परवानगीवाचून इमारती उठल्या. परवानगी नाही म्हणून शुल्क नाही, मोकळी जागा नाही, रस्त्यासाठी सोडलेली पट्टी नाही. ८५५ बांधकामांचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २००६ साली केवळ या एका शहरासाठी अनधिकृत बांधकामे नियमित करण्याचा कायदा विधिमंडळाला करावा लागला. दंड घ्यावा आणि इमारत कायदेशीर करावी, असा त्याचा गाभा. पण दंडाने पैसा मिळतो, शाळेचा गेलेला भूखंड मिळत नाही. २०२१ च्या मे महिन्यात पंधरवड्याच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. दुसऱ्या दुर्घटनेतच सात जण दगावले. नगररचनेचे वर्गणीपुस्तक बंद ठेवल्याची किंमत त्या शहराने अशी मोजली आहे.

शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत न्यायालयाने याच्या उलट बाजूने हात घातला. घनकचऱ्याची व्यवस्था नाही म्हणून २०१५ साली उच्च न्यायालयाने तेथील नव्या बांधकामांच्या परवानग्यांना मनाई केली होती. पुढे ती उठली. कचरा टाकण्यास जागा नसेल तर नवी घरे नकोत, ही गोष्ट सांगण्यास न्यायालय लागावे, यातच नियोजनाचे अपयश आले. परवानगी देणाऱ्या संस्थेला ती का सुचू नये, याचे कारण तिच्या तिजोरीत आहे. राज्यासाठी २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेल्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीने अधिमूल्य भरून जादा चटईक्षेत्र घेण्याची सोय मोठ्या प्रमाणावर केली आहे. जितकी दाटी अधिक तितके उत्पन्न अधिक. दाटीवर लक्ष ठेवण्याचे काम जिच्याकडे, तीच संस्था दाटी विकून जगू लागली, तर तिने कोणाला नाही म्हणावे? आणि बाजार मंदावला की हेच अधिमूल्य सवलतीला पात्र ठरते. २०२१ साली शासनाने ते वर्षअखेरपर्यंत निम्मे केले होते. ग्राहकाचे मुद्रांक शुल्क व्यावसायिकाने भरावे, अशी अट त्यात होती हे खरे. परंतु त्या वर्षी मंजूर झालेल्या घरांतील माणसे निम्मेच पाणी पितील, अशी अट घालता आली नाही.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. व्यावसायिकावरचा भार वाढविला तर तो ग्राहकावर टाकील, आणि बदलापूरला घर घेणारा माणूस काही श्रीमंत नव्हे. तो शिक्षक आहे, कारकून आहे, दादर-ठाण्यात घर परवडत नाही म्हणून येथवर आला आहे. आक्षेप वजनदार आहे, आणि तो निव्वळ व्यावसायिकांच्या सोयीसाठी पुढे केला जातो असेही नाही. पण हा ग्राहक आज काय भरीत नाही? घराच्या किमतीखाली 'विकास शुल्क व इतर आकार' अशी ओळ असते, ती तोच भरतो. मुद्रांक शुल्काबरोबर स्थानिक संस्थेसाठीचा १ टक्का अधिभार तोच भरतो. त्यानंतर मालमत्ता कर. एवढे भरूनही नळ आटला की टँकरची वर्गणी आणि जवळ शाळा नाही म्हणून खासगी शाळेचे शुल्क व रिक्षाचे भाडे भरावे लागते. त्याच्या माथ्यावर भार येऊ नये, हा प्रश्नच उरलेला नाही. एकाच गोष्टीसाठी तो दोनदा भरतो आणि पहिल्या वेळचे काय झाले ते त्याला कळत नाही, हा प्रश्न आहे.

इंग्लंडमध्ये १९९० च्या नगररचना कायद्याच्या १०६ व्या कलमान्वये परवानगी देताना विकासकाशी करार होतो. मागणी त्या बांधकामासाठी आवश्यक हवी, त्याच्याशी थेट संबंधित हवी आणि त्याच्या आकाराला साजेशी हवी, अशा तीन कसोट्या तेथे लागतात. अमुक शाळेच्या इतक्या जागांसाठी इतके पौंड, असे करारात लिहिलेले असते. अलीकडे स्थानिक संस्थांना दरवर्षी किती मिळाले, किती खर्चिले, कशावर खर्चिले, याचे निवेदनही प्रसिद्ध करावे लागते. तेथील सारे आदर्श आहे, अशी समजूत करून घेण्याचे कारण नाही. प्रकल्प परवडत नाही असे दाखवून करारातील वाटा कमी करून घेण्यात तेथील विकासकही वाकबगार आहेत. आपण घ्यावी ती त्यांच्या पावतीची सवय.

आपल्याकडेही हे अशक्य नाही. स्थावर संपदा कायदा लागू झाल्यापासून व्यावसायिकाला ग्राहकांच्या पैशातील ७० टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते आणि कामाची प्रगती जाहीर करावी लागते. खासगी व्यावसायिकाला जी शिस्त लावली, ती त्याच्याकडून शुल्क घेणाऱ्या नगरपालिकेला लावण्यास अडचण कोणती? प्रभागवार विकास निधीचे खाते ठेवावे. कोणत्या परवानगीपोटी किती आले आणि त्यातून कोणत्या रस्त्याचे, जलवाहिनीचे, शाळेचे काम झाले, याचा तक्ता अर्थसंकल्पाबरोबर छापावा. निम्मा तरी निधी त्याच प्रभागात खर्चावा. पाणी देणाऱ्या संस्थेने पाणी आहे असे लेखी दिल्याशिवाय मोठ्या वसाहतीला आरंभ करू देऊ नये, आणि ते पत्र प्रकल्पाच्या फलकावर लावावे. यांपैकी तक्ता छापण्यासाठी तर कायद्यात एका अक्षराचाही बदल लागत नाही.

२०२० पासून पाचहून अधिक वर्षे अंबरनाथ आणि बदलापूर येथे लोकनियुक्त सभागृहच नव्हते. उल्हासनगरातही २०२२ पासून प्रशासक होते. त्या काळात विकास निधीत किती आले आणि किती गेले, हा पहिला प्रश्न नव्या सभागृहांत विचारला जावयास हवा. नगरसेवकांना तो सुचला नाही, तर माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचा अर्ज करून कोणत्याही सोसायटीच्या चिटणीसाला तो विचारता येईल.