खालच्या मजल्यावरचं कॅलेंडर

"निम्म नायी तुंबा बोगळुत्ते." तुमची कुत्री फार भुंकते. घरमालकांनी फोनवर एवढंच सांगितलं, आवाज न चढवता. बनशंकरी थर्ड स्टेजमधल्या या घरात येऊन आम्हाला जेमतेम चार महिने झाले होते. तक्रार खालच्या मजल्यावरच्या अज्जींची होती. मी बेळगावात वाढले, कन्नड कानाला नवं नाही. तरी ते चार शब्द दिवसभर डोक्यातून जाईनात. अकरा महिन्यांचा करार, मालकांकडे अडकलेलं डिपॉझिट आणि पायाशी बसलेली भुरी. अशा फोनचा अर्थ भाडेकरूला समजावून सांगावा लागत नाही.

त्या रात्री मी कायदा वाचत बसले. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. रहिवासी संघाला बहुमतानेसुद्धा पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरू नका म्हणता येत नाही, आणि भुंकणं हे बंदीचं कारण होऊ शकत नाही. 2018 मध्ये बंगळुरू महापालिकेने फ्लॅटमागे एकच कुत्रा असा नियम आणला, तोही लोकांच्या विरोधानंतर बाजूला पडला. मला धीर आला. कागद छापून घेतले आणि दुसऱ्या दिवशी खाली गेले.

अज्जींनी दार उघडलं, बसायला सांगितलं, पाणी दिलं. मग म्हणाल्या, "भुंकणं चालतं गं. तू गेल्यावर ती रडते, ते ऐकवत नाही."

कागद पिशवीतच राहिले. भुरी रडते हे मला ठाऊकच नव्हतं. कसं असणार? ती रडते तेव्हा मी घरात नसते. दार उघडल्यावर मला दिसायची ती उड्या मारणारी, शेपटी हलवणारी भुरी. तिच्या एकटेपणाला साक्षीदार एकच होता, आणि त्यांच्याशीच भांडायला मी कागद घेऊन आले होते. 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातलं अकरावं कलम आदल्या रात्री मी भराभर वाचून सोडून दिलं होतं. कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही, तर मालक दोषी ठरतो, असं त्यात आहे. भुरीला साखळी नव्हती. पण नऊ तास बंद दार होतं.

मी अज्जींना विनंती केली, आवाज येईल ती वेळ लिहून ठेवाल का? त्यांनी भिंतीवरच्या बेंगळूरु प्रेसच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. पंधरा दिवस त्यांनी तारखांच्या चौकोनांत बारीक अक्षरात वेळा टिपल्या. मंगळवारी तीन ते साडेचार काहीच नाही, कारण राहुकाळात लिंबाचे दिवे लावायला त्या बनशंकरीच्या देवळात जातात. तेवढी जागा मी घरात ठेवलेल्या जुन्या फोनच्या रेकॉर्डिंगने भरून काढली. ते ऐकताना मला मध्येच थांबावं लागलं. मी निघाल्यावर पहिली वीस मिनिटं बारीक, लांबलेला आवाज. मग शांतता. कुरियरवाल्याने बेल वाजवली की भुंकणं, आणि त्यानंतर पुन्हा तोच रडका सूर, कारण बेल वाजूनही मी आले नव्हते.

कारण कळल्यावर उपाय दिसू लागले. वरच्या शेजाऱ्यांनी गच्चीवर बांधा म्हणून सुचवलं, तोंडाला जाळी बांधायचा सल्लाही मिळाला. दोन्ही मी ऐकले नाहीत. त्याने आवाज कमी झाला असता, भीती नाही. बेलची वायर काढली. अज्जींच्या डोक्यावर नखांचा टकटकाट नको म्हणून फरशीवर सतरंज्या अंथरल्या. पहाटे पाऊण तास फिरणं सुरू केलं. ऑफिसातून काही आठवडे घरून काम मागून घेतलं आणि रोज एकच तालीम केली: किल्ल्या उचलायच्या, चपला घालायच्या आणि परत खुर्चीत बसायचं. भुरीचे कान किल्ल्यांच्या आवाजाने टवकारायचे. आठवड्याभराने ती नुसती डोळा उघडून बघू लागली. मग दाराबाहेर दोन मिनिटं, पाच मिनिटं, पंधरा मिनिटं. मध्ये एकदा घाई केली, थेट दोन तास गेले, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. या कामाला अडीच महिने लागले. घरमालकांना दर रविवारी काय केलं ते सांगत राहिले. त्यांनाही अज्जींना उत्तर द्यायचं होतं.

मागच्या बुधवारी दुपारी ऑफिसात अज्जींचा फोन आला. नाव बघूनच छातीत धस्स झालं.

"आज अजिबात आवाज नाही," त्या म्हणाल्या. "बरी आहे ना ती?"

संध्याकाळी घराची दुसरी किल्ली मी खाली देऊन आले.