पाहुण्यांचे दिवस आणि कराचा हिशेब

महालात उन्हाळा तापू लागला की काही दारांना कुलपे दिसतात. शेजारी चौकशी करावी तर उत्तर ठरलेले : "आजी-आजोबा मुलाकडे गेले, अमेरिकेला. दिवाळीपूर्वी येतील." कधी सुनेचे बाळंतपण, कधी नातवाची मुंज, निमित्त बदलते, मुक्काम मात्र बहुधा पाच-सहा महिन्यांचा. कुरडया, मेतकूट, रक्तदाबाच्या गोळ्या, सारे मोजून बॅगेत भरलेले असते. मोजायचे राहतात ते दिवस.

पाहुण्याला कसला आला कर, असा आपला समज. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने सहा महिने राहू दिले की काम झाले! पण ती परवानगी फक्त राहण्याची. कराचा हिशेब निराळ्या वहीत चालतो. अमेरिकेचा कायदा जानेवारी ते डिसेंबर अशी तीन वर्षे पाहतो : चालू वर्षाचे सगळे दिवस, गेल्या वर्षाचे एक तृतीयांश, त्याआधीच्या वर्षाचे एक षष्ठांश. चालू वर्षात किमान ३१ दिवस राहणे झाले आणि ही बेरीज १८३ वर गेली, की कराच्या दृष्टीने तुम्ही तिथले रहिवासी. दरवर्षी १२० दिवस राहणाऱ्याची बेरीज १८० होते, तो सुटला. दरवर्षी १५० दिवस राहणाऱ्याची २२५ होते. मग नागपुरातली पेन्शन आणि मुदतठेवीचे व्याजही तिथे दाखवणे आले.

२०२० साली विमाने बंद पडली, तेव्हा तिकडे अडकलेल्या पाहुण्यांना अमेरिकेने ६० दिवसांपर्यंत या मोजणीतून सूट दिली. सूट द्यावी लागली, याचा अर्थच दिवस मोजले जातात.

घाबरण्याचे मात्र कारण नाही. चालू वर्षात १८३ पेक्षा कमी दिवस राहिलेल्याला, आपले घरदार आणि व्यवहार भारतातच आहेत, असे ८८४० क्रमांकाच्या फॉर्मवर कळवून रहिवासी ठरणे टाळता येते. दोन्ही देशांत एकाच उत्पन्नावर दुहेरी कर पडू नये म्हणून १९८९ चा करारही आहे. पण या सोयी मागणाऱ्याला मिळतात, गप्प बसणाऱ्याला नाही. आणि मुलाच्या आग्रहाखातर ग्रीन कार्ड घेतले, तर त्या फॉर्मची वाट बंद होते. हे कार्ड घेताना किती घरांत बोलले जाते?

माझी हयात बँकेत गेली. काउंटरपलीकडून एक दृश्य पुष्कळदा पाहिले. वडील मुदतठेवीचा अर्ज पुढे करतात, दुसरे नाव परदेशातल्या मुलाचे असते, सही त्याची कधीच घेऊन ठेवलेली, आणि हलक्या आवाजात सांगतात, "रक्कम त्याला कळता कामा नये." यात कपट नसते. पैसा पाहून मुलांची मने बदलतात, ही जुनी भीती असते. पण अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाची परदेशी खाती, सामायिक नावाचीसुद्धा, वर्षात केव्हाही मिळून १०,००० डॉलरच्या वर गेली, तर ती त्याला तिथल्या सरकारला कळवावी लागतात. पैसा बापाचा असला तरी! न कळवल्याचा दंड जबर असतो. बापाने मायेने लपवलेली रक्कम मुलाच्या अंगाशी येते, ती अशी. आपल्यामागे पैसा मुलाला मिळावा एवढाच हेतू असेल, तर नामनिर्देशन आणि मृत्युपत्र पुरेसे आहे.

उलट बाजूही आहे. आजारी आईसाठी मुलगा महालात येऊन राहतो, तेव्हा आपला कायदा त्याचे दिवस मोजतो. मर्यादा साधारणपणे १८२ दिवसांची. भारतातले उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल, तर २०२० पासून १२० दिवसांची. आईच्या उशाशी बसलेल्याने बोटे मोजावीत हे क्रूर वाटते खरे. पण कायद्याला नाते दिसत नाही, तारीख दिसते.

देशाचे प्राप्तिकर अधिकारी ज्या राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमीत घडतात, ती आपल्याच नागपुरात आहे. परदेशी निघालेल्या ज्येष्ठांसाठी साध्या मराठीत दोन पानांचे माहितीपत्रक प्रत्येक बँकशाखेत मिळावे, ही मागणी नागपूरकरांनी करायला हरकत नाही. ते मिळेपर्यंत आपण एवढे करावे : जाण्यायेण्याच्या तारखा वहीत लिहाव्यात, आणि तिकीट काढण्याआधी एका संध्याकाळी सगळी पासबुके घेऊन बसावे व मुलाशी फोनवर सविस्तर बोलावे. जाणकार सल्लागार नंतर गाठता येईल. पण त्याच्यापुढे काय ठेवायचे, हे आधी घरात ठरले पाहिजे.