गुडघेदुखीची गोळी स्ट्रोकमध्ये मेंदू वाचवू शकते का?

साठीच्या पुढच्या अनेकांच्या औषधांच्या डब्यात ग्लुकोसामाईनची गोळी असते. गुडघ्यांची झीज थांबेल, जिना चढताना होणारी कुरकुर कमी होईल, या आशेने ती रोज घेतली जाते. पण गेल्या काही वर्षांत संशोधनाच्या जगात या गोळीचं नाव एका वेगळ्याच आजाराशी जोडलं जातंय. तो आजार म्हणजे स्ट्रोक, ज्याला आपण पक्षाघात किंवा लकवा म्हणतो.

प्रयोगशाळेतल्या उंदरांमध्ये ग्लुकोसामाईनमुळे मेंदूचं नुकसान कमी झाल्याचं दिसलं. ब्रिटनमधल्या लाखो लोकांच्या माहितीतही ही गोळी घेणाऱ्यांना स्ट्रोकचं प्रमाण थोडं कमी असल्याचं आढळलं. मग मेंदूसाठी ही गोळी सुरू करावी का?

थोडक्यात उत्तर आहे, नाही. आणि काही रुग्णांसाठी तर ती धोक्याची ठरू शकते. हे कसं, ते समजून घेऊ.

ग्लुकोसामाईन म्हणजे नेमकं काय?

ग्लुकोसामाईन हा साखरेच्याच कुळातला एक पदार्थ आहे. आपलं शरीर तो स्वतः तयार करतं आणि सांध्यांमधल्या कूर्चेच्या बांधणीत तो वापरला जातो. बाजारात मिळणाऱ्या गोळ्यांमधलं ग्लुकोसामाईन बहुतेक वेळा कोळंबी आणि खेकड्यांच्या कवचापासून काढलेलं असतं.

ज्या कामासाठी ही गोळी प्रसिद्ध आहे, त्याबद्दलही संशोधकांमध्ये एकमत नाही. अमेरिकेत सरकारी निधीतून १,५८३ गुडघेदुखीच्या रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. सगळ्या रुग्णांचा एकत्र विचार करता, ग्लुकोसामाईन घेणाऱ्यांचं दुखणं खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा ठळकपणे कमी झालं नव्हतं.

स्ट्रोकमध्ये मेंदूत काय होतं?

स्ट्रोकचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात मेंदूची रक्तवाहिनी गुठळीमुळे बंद होते, दुसऱ्यात ती फुटून रक्तस्राव होतो. गुठळीमुळे होणारा स्ट्रोक जास्त प्रमाणात आढळतो.

रक्त थांबलं की प्राणवायू आणि साखर मिळणं बंद होतं. अडथळ्याच्या अगदी मधला भाग काही मिनिटांतच मरू लागतो. त्याच्या भोवतीच्या भागातल्या पेशी मात्र काही काळ तग धरून असतात. रक्तपुरवठा वेळेत सुरू झाला, तर त्या वाचू शकतात.

पण पेशी फक्त उपासमारीने मरत नाहीत. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या रखवालदार पेशी असतात. इजा झाली की त्या खवळतात आणि दाह निर्माण करणारी रसायनं सोडतात. हा दाह जास्त झाला, तर वाचू शकणाऱ्या पेशीही त्यात सापडतात. ग्लुकोसामाईनबद्दलची आशा इथूनच सुरू होते.

उंदरांमध्ये काय दिसलं?

दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी २०१० मध्ये 'ग्लिया' या विज्ञानपत्रिकेत एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी उंदरांच्या मेंदूतली एक मोठी रक्तवाहिनी काही काळ बंद करून पुन्हा सुरू केली आणि त्यांना पोटात ग्लुकोसामाईनचं इंजेक्शन दिलं. ते मिळालेल्या उंदरांमध्ये मेंदूचा मेलेला भाग लहान होता, हालचाली तुलनेने बऱ्या होत्या आणि मायक्रोग्लियाचा दाहही कमी होता.

यामागे दुसरी एक प्रक्रियाही असू शकते. ग्लुकोसामाईनपासून पेशीत साखरेचा एक छोटा रेणू तयार होतो. तो प्रथिनांना चिकटला की त्यांचं काम बदलतं आणि पेशीला ताण सहन करायला मदत होते. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये याच प्रक्रियेबद्दल एक महत्त्वाची गोष्ट मांडली. स्ट्रोकनंतर तरुण उंदरांमध्ये ही यंत्रणा मेंदूचं रक्षण करते, पण म्हाताऱ्या उंदरांमध्ये ती मंदावलेली असते.

हा फरक मोठा आहे. प्रयोगात वापरले जाणारे उंदीर बहुतेक तरुण आणि निरोगी असतात. स्ट्रोक होणारी माणसं बहुतेक वयस्कर असतात. त्यांना रक्तदाब असतो, मधुमेह असतो. शिवाय उंदरांना इंजेक्शन दिलं होतं. गोळी गिळल्यावर आतडं आणि यकृत यांतून जाताना औषधाचा बराच भाग कमी होतो.

माणसांबद्दल काय माहिती आहे?

२०१९ मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या ४,६६,०३९ लोकांच्या माहितीचा अभ्यास आला. ही माहिती 'यूके बायोबँक' प्रकल्पातली होती. यातल्या साधारण १९ टक्के लोकांनी आपण ग्लुकोसामाईन घेतो असं सांगितलं होतं. सुमारे सात वर्षांच्या काळात, ते न घेणाऱ्यांच्या तुलनेत या लोकांमध्ये स्ट्रोकचा धोका ९ टक्क्यांनी आणि हृदयविकारासह एकूण धोका १५ टक्क्यांनी कमी दिसला.

आता या ९ टक्क्यांचा अर्थ नीट पाहू. शंभरातले नऊ जण वाचले, असा तो नाही. समजा, गोळी न घेणाऱ्या १० हजार लोकांपैकी १०० जणांना स्ट्रोक झाला, तर गोळी घेणाऱ्या १० हजारांपैकी तो ९१ जणांना झाला, असा तो अर्थ आहे.

हा फायदा गोळीमुळेच झाला, हेही या अभ्यासातून सिद्ध होत नाही. गोळी घेणारे लोक जास्त व्यायाम करणारे, कमी धूम्रपान करणारे आणि चांगला आहार घेणारे होते. संशोधकांनी आकडेमोड करून हे फरक बाजूला काढायचा प्रयत्न केला, पण सगळे फरक कागदावर पकडता येत नाहीत.

अशा अभ्यासांवर विसंबल्यामुळे याआधी फसगत झालेली आहे. रजोनिवृत्तीनंतर हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांचं हृदय जास्त सुरक्षित राहतं, असं पाहणीवर आधारलेल्या अभ्यासांतून वाटत होतं. मग अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांवर रीतसर चाचणी झाली. २००२ मध्ये निकाल आले, तेव्हा एकत्रित हार्मोन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये स्ट्रोकचा धोका उलट सुमारे ४१ टक्क्यांनी वाढलेला होता.

उंदीर वाचले, माणसं नाही

मेंदूचं रक्षण करणाऱ्या औषधांचा इतिहासही सावध करणारा आहे. २००६ मध्ये संशोधकांनी स्ट्रोकवर तोवर आजमावलेल्या उपायांची मोजदाद केली. आकडा निघाला १,०२६. त्यातले फक्त ११४ माणसांपर्यंत पोहोचले होते.

एनएक्सवाय-०५९ या औषधाचं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. प्राण्यांमध्ये ते चांगलं चाललं. २००६ मध्ये सुमारे १,७०० रुग्णांवरच्या पहिल्या मोठ्या चाचणीत थोडा फायदाही दिसला. २००७ मध्ये ३,३०६ रुग्णांवरच्या दुसऱ्या चाचणीचे निष्कर्ष आले आणि तो फायदा नाहीसा झाला. ॲस्ट्राझेनेका कंपनीने या औषधाचं काम थांबवलं.

याला अपवाद म्हणता येईल असं एडाराव्होन हे औषध जपानमध्ये २००१ पासून स्ट्रोकसाठी वापरलं जातं, पण सगळ्या देशांनी ते स्वीकारलेलं नाही. अमेरिकेतल्या स्ट्रोकतज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तर 'मेंदूरक्षक' म्हणवल्या जाणाऱ्या कोणत्याही औषधाची शिफारस केलेली नाही.

ग्लुकोसामाईन आज या रांगेत बरंच मागे उभं आहे.

घरात ही गोळी कोणी घेत असेल तर?

गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी दिली असेल, तर घाबरून बंद करायची गरज नाही. पण दोन गोष्टी तपासायलाच हव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे वॉरफेरिन. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्या किंवा कृत्रिम झडप बसवलेल्या अनेकांना रक्त पातळ ठेवण्यासाठी हे औषध दिलं जातं. गुठळी होऊन स्ट्रोक येऊ नये, हाच त्यामागचा हेतू असतो. ग्लुकोसामाईनसोबत घेतल्यावर वॉरफेरिनचा परिणाम वाढल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि तो रक्तस्राव मेंदूतही होऊ शकतो. स्ट्रोक टाळण्यासाठी म्हणून घेतलेली गोळीच स्ट्रोकला कारण ठरू शकते. म्हणून 'ही तर साधी गुडघ्याची गोळी' असं समजून डॉक्टरांपासून ती लपवू नका.

दुसरी गोष्ट, कोळंबी किंवा खेकड्याची ॲलर्जी असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी घेऊ नका.

मग मेंदू वाचतो कशाने?

वेळेने. मोठ्या रक्तवाहिनीतल्या गुठळीमुळे झालेल्या स्ट्रोकमध्ये दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा एक अंदाज २००६ मध्ये मांडला गेला आणि आजही तो डॉक्टर सांगतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांत द्यावं लागतं. काही निवडक रुग्णांमध्ये नळी घालून गुठळी बाहेर काढता येते, तेही काही वेळा २४ तासांपर्यंत. दोन्ही उपचार मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झालेले आहेत.

त्यामुळे लक्षणं पाठ असायला हवीत: तोंड एका बाजूला वाकडं होणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोबडी वळणं, अचानक तोल जाणं किंवा दिसेनासं होणं. यातलं एकही दिसलं तर लगेच १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. त्रास नेमका किती वाजता सुरू झाला, ते लक्षात ठेवा. डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतात.

वाट पाहू नका, मालिश करत बसू नका आणि तोंडातून कोणतीही गोळी देऊ नका, अगदी ॲस्पिरिनसुद्धा. गिळण्याची ताकद गेलेली असेल, तर गोळी श्वासनलिकेत जाऊ शकते. आणि स्ट्रोक गुठळीचा की रक्तस्रावाचा, हे स्कॅनशिवाय कुणालाही सांगता येत नाही.

स्ट्रोक होऊच नये म्हणून काय करायचं, याचं उत्तरही जुनंच आहे: रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवणं, तंबाखू सोडणं आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मध्येच बंद न करणं. ग्लुकोसामाईनबद्दलचं संशोधन पुढे जाईल, कदाचित त्यातून काही चांगलं हातीही लागेल. पण आज औषधांच्या डब्यातली मेंदूला जपणारी गोळी कुठली, असं विचारलं तर बहुतेक घरांमध्ये ती रक्तदाबाची आहे.