बारावीचे टक्के आणि सीईटीचा नंबर

पेरणीआधी सोयाबीनची उगवणक्षमता तपासायला गावात बसलो, की हल्ली बियाण्याआधी पोराचा विषय निघतो. "साहेब, पोराला बारावीला 78 टक्के पडले. सरकारी इंजिनिअरिंगला नंबर लागेल ना?"

खरं सांगायचं तर नुसत्या टक्क्यांवरून ते सांगता येत नाही. सीईटीतून होणाऱ्या इंजिनिअरिंग प्रवेशाची गुणवत्ता यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते. बारावी फक्त पात्रतेपुरती. ठरलेल्या विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला 45 आणि राज्यातील राखीव प्रवर्गाला 40 टक्के लागतात.

टक्के म्हणजे आपल्या रानातला उतारा. पर्सेंटाइल म्हणजे बाकीच्यांच्या तुलनेत आपण कुठे आहोत ते. 2019 पासून ही परीक्षा संगणकावर, अनेक सत्रांत होते. म्हणून प्रत्येक सत्रातल्या मुलांची आपसात तुलना करून पर्सेंटाइल काढतात. 90 पर्सेंटाइल म्हणजे 90 टक्के गुण नव्हेत. शंभरातली साधारण दहा पोरं आपल्या पुढे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. समजा 3 लाख मुलं बसली, तर 90 ला नंबर येतो 30 हजारांच्या आसपास. 97 ला 9 हजार. हिशेब सोपा आहे: शंभरातून पर्सेंटाइल वजा करा, एकूण मुलांनी गुणा आणि शंभराने भागा.

मग बारावीच्या गुणांवरून अंदाज येतच नाही का? थोडा येतो, पण प्रॅक्टिकलचे गुण बाजूला काढा. फिजिक्सला 75 पडले, त्यात प्रॅक्टिकलचे 30 पैकी 29. म्हणजे लेखीत 70 पैकी 46, सुमारे 66 टक्केच. सीईटीत प्रॅक्टिकल नाही. गणिताच्या 50 प्रश्नांना दोन-दोन गुण, फिजिक्स-केमिस्ट्रीला एकेक. त्यामुळे ज्याचं गणित कच्चं, तो चांगले टक्के घेऊनही मागे पडतो. अकरावीचा भागही साधारण 20 टक्के असतो, आणि आपल्याकडं अकरावी कुणी मनावर घेत नाही.

अंदाज चुकला की नुकसान मोठं. एका घरी टक्क्यांच्या भरवशावर पाचच नामांकित कॉलेजं भरली. एकही लागलं नाही. शेवटी संस्थेच्या कोट्यातल्या जागेसाठी बैलजोडी विकली.

तेव्हा पालकांनी एवढं करावं. गेल्या वर्षीची कट-ऑफ यादी सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर मोफत मिळते. त्यात आपल्या प्रवर्गाचा शेवटचा नंबर आणि पर्सेंटाइल दोन्ही असतात. वर आवडीची, मध्ये बेताची, खाली खात्रीची कॉलेजं भरावीत. पण पहिल्या पसंतीचं लागलं तर ते घ्यावंच लागतं, म्हणून तिथे विचार करूनच नाव टाका.

बियाणं तपासल्याशिवाय आपण पेरत नाही. पोराचा अर्जही तसाच भरावा.