तेल्याचा चिकट कोट आणि आपली फवारणी

पावसाची झड लागली की डाळिंबवाल्यांचा एकच प्रश्न असतो, "तेल्यावर जालीम औषध कोणतं?" माझं मत स्पष्ट आहे. डाग दिसल्यावर जालीम औषध शोधणं म्हणजे पैसे पाण्यात.

का, ते जिवाणूच्या अंगावरच्या आवरणात आहे. तेल्याचा जिवाणू म्हणजे झॅन्थोमोनास. त्याच्या पेशीभोवती पेप्टिडोग्लायकनची पातळ जाळी असते. साखरेच्या साखळ्या अमिनो आम्लांनी एकमेकींना बांधलेल्या. पेशी फुटू नये म्हणून ही भिंत. तिच्यावर साखर-चरबीचं बाहेरचं पटल, ते बरीच औषधं आत येऊ देत नाही. आणि सगळ्यात वर त्यानं स्वतः सोडलेला झॅन्थन नावाचा चिकट. अशा लांब साखळ्यांनाच पॉलिमर म्हणतात. याच कुळातल्या दुसऱ्या जिवाणूपासून कारखान्यात झॅन्थन गम बनतो, सॉस आणि आइस्क्रीम दाट करायला वापरतात.

हा चिकट ओल धरून ठेवतो, त्यामुळे जिवाणू लवकर सुकत नाही. शिवाय तेलकट डाग दिसतो तोवर तो पानाच्या आत पोचलेला असतो. कॉपर पानाच्या वरच राहतं. म्हणून कॉपर आधी मारायचं, नंतर नाही.

मग स्ट्रेप्टोमायसिन? ते या भिंतीवर काम करतच नाही. पेशीच्या आत प्रथिनं बनणं थांबवतं. सारखं मारलं की जिवाणू निर्ढावतो, आणि हेच औषध माणसाच्या क्षयरोगावरही लागतं. केंद्र सरकारनंही शेतीतला त्याचा वापर बंद करण्याच्या दिशेनं पाऊल उचललं आहे. तरी कुणी गुपचूप पुडी हातात ठेवली तर घेऊ नका.

त्यापेक्षा हे करा:
▪️ कात्री झाडागणिक सोडियम हायपोक्लोराईटच्या पाण्यात बुडवा.
▪️ रोगट फळं-फांद्या बागेबाहेर नेऊन जाळा. बांधावर टाकू नका.
▪️ छाटणीनंतर १ टक्का बोर्डो.
▪️ बाग ओली असताना आत काम नको.
▪️ जमेल त्यानं हस्त बहार धरावा.

उन्हाळ्यात पाणी पुरत नाही म्हणून कित्येकांना मृगच धरावा लागतो, हे मान्य. पण मग स्वच्छतेत कसूर चालणार नाही. आणि ती एकट्याची नाही. वाऱ्या-पावसाचे शिंतोडे बांध बघत नाहीत, तेव्हा शेजाऱ्यालाही सोबत घ्या.