छापण्यापूर्वी

वार्षिक अंकासाठी लेख मागविण्याची सूचना फळ्यावर लागली, की आठपंधरा दिवस कोणी तिच्याकडे पाहत नाही. आणि शेवटच्या दिवशी, शेवटची घंटा झाल्यावर, लेखांचा गठ्ठा आमच्या मेजावर येऊन पडतो. बहुतेक लेख एकाच बैठकीत लिहिलेले असतात, हे अक्षरच सांगते. यंदा एक लेख सुधारण्यासाठी आम्ही परत दिला, तेव्हा लेखक आम्हांस म्हणाला, “सर, जसे सुचले तसे लिहिले. आता हात लावला तर त्यातला जीव जाईल.” हे मत त्या एकट्याचे असते तर आम्ही लेखणी उचलली नसती. परंतु पुष्कळ सुशिक्षितांसही असेच वाटते, की पहिला मसुदा तो अंतःकरणाचा आणि दुसरा तो केवळ कारागिरीचा. आम्हांस हे मुळीच मान्य नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्या. ज्या विदुषीस कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ साली ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, तिला संस्कृतप्रचुर मराठी लिहिणे अवघड नव्हते. ते तिच्या जिभेवरच होते. तथापि पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून करावयास त्या बसल्या, तेव्हा केडगावच्या मुक्तिसदनातील साध्यासुध्या बायकांस ऐकताक्षणी कळेल असा शब्द मिळेपर्यंत त्यांचे समाधान होत नसे. जो शब्द प्रथम सुचला तो त्यांचा होता. जो शेवटी राहिला तो ऐकणारीचा होता. या कामी त्यांची अनेक वर्षे गेली. खिळे जुळविण्याचे व छापण्याचे कामही मुक्तिसदनातील स्त्रियांनीच केले. मुद्रिते तपासण्याचे काम बाईंनी अखेरच्या दिवसांपर्यंत सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या, आणि संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला तो १९२४ साली. फेरतपासणीने जीव जातो असे म्हणणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

आमच्या विद्यार्थ्यांकडून इतकी अपेक्षा कोण करील? आमचे मागणे थोडे आहे. लेख लिहून झाल्यावर निदान दोन रात्री तो दप्तरात राहू द्यावा. नंतर घरातील अशा माणसास मोठ्याने वाचून दाखवावा, ज्यास त्या विषयाची काही माहिती नाही. आजी असल्यास उत्तम. जेथे ती “म्हणजे काय रे?” असे विचारील, तेथे दोष आजीचा नाही, वाक्याचा आहे, असे समजावे. मथळा शेवटी लिहावा, कारण आपण काय लिहिले हे लिहून झाल्याशिवाय कळत नाही. आणि पहिला परिच्छेद बहुधा निःशंकपणे खोडावा. ती लेखकाने घसा साफ केल्याची खूण असते.

हल्ली अक्षरजुळणी संगणकावर होते आणि मुद्रिते भ्रमणध्वनीवर येतात. त्यामुळे अशुद्धे यंत्रच शोधील, असा एक गोड समज पसरला आहे. यंदाच्या एका निबंधात ‘आईच्या डोळ्यांत मला माझी चिंता दिसली’ असे वाक्य होते. जुळणीत अनुस्वार गळाला. यंत्राने काहीही तक्रार केली नाही. ‘चिता’ हाही शुद्धच शब्द आहे!

येथे आम्हां शिक्षकांचाही एक अपराध सांगितला पाहिजे. सुधारणे म्हणजे भारी करणे, अशी आमची खोड आहे. मुलाने ‘विहीर आटली’ असे लिहिले, की आमची लाल शाई तेथे ‘कूप शुष्क झाला’ असे करते. अशा सुधारणेने मात्र जीव जातो खरा, आणि त्या विद्यार्थ्याचा राग तेवढ्यापुरता आम्हांस पटतो.

परंतु हा लेख लिहावयास आम्हांस ज्या गोष्टीने भाग पाडले ती वेगळी आहे. गतवर्षीच्या अंकात शाळेच्या घंटेजवळ ज्यांचे आयुष्य गेले त्या शिपाईमामांचा मृत्युलेख आम्ही लिहिला. छापखान्याची घाई होती. एका रात्रीत, आठवणीवर विसंबून लिहिला, आणि तो चांगला उतरला असे आम्हांस वाटले. अनेकांनी तसे बोलूनही दाखविले. जून महिन्यात मामी शाळेत आल्या. त्यांस वाचता येत नाही. नातीने वाचून दाखविले होते. अंक त्यांनी पदरात गुंडाळून आणला होता. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी एवढेच विचारले, “सर, त्यांनी तीस नाही, अडतीस वर्षं घंटा दिली. मधली आठ कुठे गेली?”

मामांचे सेवापुस्तक कचेरीतील कपाटात, आमच्या मेजापासून वीस पावलांवर होते. ते उघडावयास पाच मिनिटेही लागली नसती. आमच्या त्या लेखात ओघ होता, भावना होती, सारे काही जसे सुचले तसे होते.

यंदाचा हा अंक घेऊन नाताळच्या सुटीत आम्ही मामींच्या घरी जाणार आहोत. तोपर्यंत ज्या वाचकांपाशी गतवर्षीचा अंक असेल त्यांनी कृपा करून मृत्युलेखाच्या दुसऱ्या ओळीत ‘तीस’ हा शब्द खोडून तेथे ‘अडतीस’ असे आपल्या हाताने लिहावे.